खंड्याचं पोट आणि आप्पांची बिस्किटं

सातारा जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सारांश देते.

घरात पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, खंड्या. नसबंदी झालेला नर, वजन ४१ किलो. वर्षभर त्याचं पोट सारखं बिघडतं. पहाटे पिवळा फेस ओकतो, मग अंगणात गवत खातो आणि तासाभरात ठणठणीत होतो. महिन्यातून एखाद-दोनदा शेंबडासारखी पातळ शी होते. एकदा तिच्यात लाल रेघही दिसली. चैत्रात गावच्या जत्रेत मटण, चरबीचे तुकडे आणि रस्सा खाल्ल्यावर मात्र तो दोन दिवस ओकत राहिला. "पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून राहायचा. आम्हाला वाटलं, खेळायला बोलावतोय." सलाईन लावल्यावर बरा झाला. दर वेळी डॉक्टर इंजेक्शन देतात, चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. जंतांची गोळीही देऊन झाली.

सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून खंड्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, खाटेपाशीच असतो. सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर ग्लुकोज बिस्किटं, दुपारी तूप लावलेली पोळी, रात्री झोपताना दूध-भाकरी, हे सगळं आप्पांच्या हातून. महिन्यापूर्वी ताईंच्या मिस्टरांनी तयार कोरडं खाद्य आणलं, दुसऱ्या दिवसापासून फक्त तेच सुरू केलं (सकाळी नऊ, संध्याकाळी सात) आणि आप्पांना सगळ्यांदेखत बजावलं. त्यानंतर शी आणखी पातळ झाली आणि पिवळा फेस आठवड्यातून तीनदा दिसू लागला. मिस्टर म्हणतात, आप्पा चोरून देतात. आप्पांनी बोलणंच टाकलंय. ताई विचारतात: "त्याचं पोटच नाजूक आहे का? आप्पांना पूर्ण बंदी करावी का? सासूबाई जायफळ उगाळून द्यायच्या, ते चालेल का? की दर वेळी इंजेक्शनच?"

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. छाती जमिनीला आणि मागचा भाग वर. खेळायला बोलावणारा कुत्रा असा वाकतो तेव्हा शेपटी हलत असते, डोळे तुमच्यावर असतात आणि पुढच्या क्षणी तो उडी मारून पळतो. जो तसाच थिजून राहतो, उठतो, दोन पावलं टाकतो आणि पुन्हा तसाच वाकतो, त्याच्या पोटात दुखत असतं. पोटावरचा ताण कमी करायची ती धडपड असते. जत्रेचं मटण, चरबीचे तुकडे, तवंग आलेला रस्सा, त्यावर दोन दिवस उलट्या आणि ही ढब. हे सगळं एकत्र आलं की पहिला संशय स्वादुपिंडाच्या सुजेचा घ्यावा लागतो. स्वादुपिंडात तयार होणारे पाचक रस आतड्यात उतरल्यावर कामाला लागायला हवेत. सूज आली की ते ग्रंथीच्या आतच कामाला लागतात आणि तिथल्याच पेशी पचवू लागतात. दुखणं भयंकर असतं. जास्त वजनाच्या, तुपातेलाचं खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये ते जास्त दिसतं आणि एकदा होऊन गेलं की पुन्हा होण्याची भीती राहते.

पत्रावरून निदान होत नाही, ते मी करतही नाही. त्या वेळी हाडाचा तुकडा अडकला होता असंही असू शकेल. पण तुमच्या पत्रात मला एक नाजूक पोट दिसत नाही. तीन वेगळ्या तक्रारी दिसतात, तिघींची कारणं बहुधा वेगळी आहेत, आणि घरात तिघींना मिळून एकच नाव पडलंय. "याचं पोटच तसलं" असं एकदा ठरलं की माणूस नीट बघायचं सोडतो. म्हणून आधी त्या तिघी वेगळ्या करू.

पहाटेचा पिवळा फेस. तो पिवळा रंग पित्ताचा. जठर खूप वेळ रिकामं राहिलं की आतड्यातलं पित्त उलटं जठरात येतं, तिथलं अस्तर चुरचुरतं आणि कुत्रा ओकतो. ओकून झाल्यावर तो अगदी ताजातवाना असतो, भुकेलाही असतो. आता तुमच्याच वेळा बघा. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ, म्हणजे चौदा तास पोटात काही नाही. पूर्वी मध्ये आप्पांची रात्रीची भाकरी पडायची, तेव्हा हा फेस कमी होता. ती बंद झाली आणि फेस वाढला. आप्पा चोरून देत असते, तर तो कमी व्हायला हवा होता. मिस्टरांना हे शांतपणे दाखवा.

उपाय साधा आहे. दिवसाचं खाणं दोनाऐवजी तीन वेळांत वाटा आणि रात्री झोपण्याआधी, साधारण साडेदहाला, एक छोटा वाटा द्या. हा वाटा दिवसाच्या मापातूनच काढायचा, वरून घालायचा नाही. दोन आठवडे एकही दिवस न चुकवता हे करा. रिकाम्या पोटाचंच कारण असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानं फरक पडतो. पडला नाही, किंवा फेसात कधी कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण दिसले, तर कारण दुसरं आहे आणि तपासण्या लागतील.

गवताचं म्हणाल तर, गवत खाऊन कुत्रा स्वतःचं औषध स्वतः करतो हा समज आपल्याकडे पक्का आहे. पुष्कळ निरोगी कुत्रीही गवत खातात आणि त्यातली बरीचशी ओकत नाहीत. खाल्लं तर खाऊ द्या, फक्त तणनाशक मारलेल्या बांधावरचं नको. पण "गवत खाल्लं, आता बरा होईल" म्हणून दवाखाना पुढे ढकलू नका.

आता शेंबडासारखी शी. शी बघताना तीन गोष्टी बघायच्या: किती वेळा, किती प्रमाणात, आणि सोबत काय. थोडी थोडी, सारखी, कुंथून होत असेल, बरोबर आव आणि कधी ताज्या लाल रक्ताची रेघ असेल, तर गडबड मोठ्या आतड्यात आहे. तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं. दिवसातून दोन-तीनदाच पण भरपूर, पाण्यासारखी होत असेल आणि कुत्रा वाळत चालला असेल, तर ती लहान आतड्याची तक्रार. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे वर जठरात किंवा लहान आतड्यात रक्त जातंय, तिथे एक दिवसही थांबायचं नाही. डॉक्टरांना नुसतं "जुलाब होतायत" सांगण्यापेक्षा एवढं सांगितलंत तर त्यांचं अर्धं काम होतं. मोबाइलवर फोटो काढून न्या, लाजू नका. आम्ही पशुवैद्य जेवताना सुद्धा असले फोटो बघतो.

मोठ्या आतड्याच्या तक्रारीला तुमच्या घरात उघड दिसणारी दोन कारणं आहेत. पहिलं दूध. पिल्लू आईच्या अंगावर पीत असतं तोवर दुधातली साखर पचवणारं विकर त्याच्या आतड्यात भरपूर असतं. मोठेपणी ते पुष्कळ कुत्र्यांत कमी होतं. न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते, तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात आणि पोट वाजतं, शी पातळ होते. आपल्या गावांत दूध-भाकरीवर कुत्र्यांच्या पिढ्या गेल्या हे खरं आहे. ज्यांना सोसतं त्यांना सोसतं. खंड्याला सोसत नसावं.

दुसरं कारण आप्पांचं नाही, घरातल्या दुसऱ्यांचं आहे, आणि हे जरा स्पष्ट सांगते. जन्मभर पोळी-भाकरी खाल्लेल्या कुत्र्याला एका रात्रीत पूर्ण कोरड्या खाद्यावर नेलं तर जुलाब होणारच. आतड्यातले जंतू रोजच्या अन्नाला सरावलेले असतात, त्यांना नव्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. नवं खाद्य सात ते दहा दिवसांत आणायचं असतं. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. मध्येच शी सैल झाली तर त्याच पायरीवर दोन दिवस थांबायचं. खाद्य चांगलं असेलही, पण ते आणण्याच्या पद्धतीनं पोट बिघडवलं आणि आळ आला आप्पांवर. आता महिना झालाय म्हणता, म्हणजे सरावायला वेळ मिळून गेला. तरीही शी पातळच असेल तर जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) शोधावे लागतील.

जंतांची गोळी दिली होती असं तुम्ही लिहिलंय, पण किती ते लिहिलं नाहीत. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या दहा किलोला एक या हिशोबाच्या असतात. ४१ किलोच्या कुत्र्याला एक गोळी म्हणजे जेमतेम चतुर्थांश मात्रा. ही चूक मी सारखी बघते. पाकिटावरचा हिशोब वाचा आणि वजन अंदाजानं धरू नका. वजनाची सोपी रीत म्हणजे कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं, पण खंड्याला उचलणं तुमच्या कमरेला परवडणार नाही, त्याला दवाखान्यातच तोला. आणि एक, शीमध्ये किंवा शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही दिसलं तर तो पट्टकृमी. तो पिसवांतून येतो, म्हणून गोळीबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर महिन्यात पुन्हा तेच. शीची तपासणी एकदाच करून समाधान मानू नका. जिआर्डिया रोज शीतून पडतोच असं नाही, तीन दिवसांचे ताजे नमुने दिले तर सापडण्याची शक्यता वाढते.

आता आप्पा.

त्यांना बंदी करावी का, असं तुम्ही विचारता. माझं उत्तर सरळ आहे, करू नका. दीड वर्षापूर्वी ज्यांची बायको गेली, त्यांच्या दिवसातली ठरलेली कामं किती उरली असतील? चहाला कुणीतरी समोर बसतं, दुपारी कुणीतरी वाट बघतं, रात्री झोपताना कुणालातरी वाढायचं असतं. ते सगळं खंड्याशी जोडलेलं आहे. ते तुम्ही सगळ्यांदेखत काढून घेतलंत. आप्पांनी बोलणं टाकलं ते बिस्किटांसाठी नाही. आणि व्यवहार बघितला तरी, साडेदहाचा तो वाटा रोज न चुकता कोण देणार आहे? तुम्ही दोघं दिवसभर दमलेले. तो आप्पाच देऊ शकतात, ते त्यांचंच काम होतं. बदलायचं आहे ते वाडग्यातलं. दूध-भाकरीच्या जागी मोजलेला वाटा, एवढंच.

रोज सकाळी खंड्याचं दिवसाचं खाद्य मापून एका डब्यात काढा आणि त्यातला चौथा हिस्सा आप्पांच्या डब्यात घाला. चहाच्या वेळी बिस्किटाऐवजी त्या डब्यातले दाणे. खंड्याला बिस्किटाची चव हवी असते असं आपल्याला वाटतं. त्याला बहुधा आप्पांच्या हातातलं काहीतरी हवं असतं. दाण्यांचा कंटाळा आला तर गाजराच्या चकत्या, काकडी, बी काढलेलं सफरचंद, उकडलेला लाल भोपळा. असलं वरखाणं दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवायचं. ग्लुकोज बिस्किट विष नाही, पण त्यात मैदा, साखर आणि तेलच असतं. पाच-सहा बिस्किटांतच तो दहावा हिस्सा भरून जातो आणि मग तूप लावलेली पोळी त्याच्यावर. ४१ किलो ही लॅबसाठी लठ्ठपणाची गोष्ट आहे. पोळी स्वतः गुन्हेगार नाही, बिनतुपाचा चतकोर कधीमधी चालेल. तूप मात्र कायमचं बंद, कारण जत्रेनंतर त्याला जे झालं ते खरंच स्वादुपिंडाचं असेल तर तूप हाच धोका आहे.

हे आप्पांना कोणी सांगायचं? तुम्ही नाही, ताई. सुनेनं सांगितलं की त्याचा वेगळाच अर्थ निघतो, आणि ज्यानं सगळ्यांदेखत बजावलं त्यानंच पुढे व्हावं. मिस्टरांनी आप्पांना दवाखान्यात बरोबर न्यावं. डॉक्टरांना आप्पांसमोर सांगू द्या आणि वही आप्पांच्या हातात द्या. तारीख, किती वाजता काय खाल्लं, उलटी झाली का, झाली तर अन्नाची, फेसाची की पाण्याची, शी कशी. दिवसभर खंड्याजवळ तेच असतात, त्यांच्याइतकं नेमकं कोण लिहिणार? लिहिताना बाहेरचंही लिहायला सांगा. सकाळच्या फेरीत वाटेत काय उचलतो, शेजारचे काय टाकतात. घरातल्या एका माणसावर संशय धरला की असल्या गोष्टी सुटतात.

जायफळाचं सांगते. आपल्या घरांत बाळगुटीत जायफळ असतं, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. ते जास्त पोटात गेलं तर कुत्र्याची छाती धडधडते, तोल जातो, तो भांबावतो. सहाणेवरच्या दोन वेढ्यांनी खंड्याला काही झालं नसेल, सासूबाईंनी मायेनंच दिलं. पण त्यानं जुलाबाचं कारण जात नाही, आणि "थोडं आणखी" कधी होतं ते कळत नाही. देऊ नका.

याहून कितीतरी घातक चीज तुमच्या कपाटात आहे. अंगदुखीच्या गोळ्या. कुत्र्याचं पोट दुखतंय म्हणून माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिली तर जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटॅमॉलही स्वतःच्या मनानं देऊ नये. जुलाब थांबवायच्या गोळ्याही नकोत. आतडं जे बाहेर टाकू बघतंय ते आत कोंडलं जातं, आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांत अनुवंशिक दोषामुळे या गोळ्यांतलं लोपेरामाइड थेट मेंदूवर परिणाम करतं. मेट्रोनिडॅझॉलची उरलेली पट्टी तर प्रत्येक घरात असते. साध्या जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही, उलट त्यानं आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि पोट ताळ्यावर यायला वेळ लागतो. काही भलतं खाल्लं म्हणून मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. रक्तातलं मीठ वाढून त्यानंच कुत्री दगावतात.

मग साधं बिघडलं तर घरी काय? खंड्यासारखा मोठा, लस झालेला कुत्रा एक-दोनदा ओकला, पण उभा आहे, शेपटी हलवतोय, पाणी पितोय, तर आठ-दहा तास अन्न थांबवा, पाणी थांबवू नका. पाणी थोडं थोडं द्या, कारण भांडंभर एकदम प्यायला तर तेच बाहेर येतं. नुसते जुलाब असतील आणि उलटी नसेल तर उपाशी ठेवायची गरजच नाही, आतड्याच्या पेशींना अन्न लागतं. पहिला घास मऊ भाताचा आणि साल-चरबी काढून उकडलेल्या चिकनचा, दोन वाटे भात आणि एक वाटा चिकन, मीठ नाही, तेल नाही, हळद-फोडणी नाही. मूठभर, दिवसातून चार-पाच वेळा. घरात सामिष शिजत नसेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, किंवा साय काढलेल्या दुधाचं घरी केलेलं पनीर थोडंसं. चमचा-दोन चमचे उकडून कुस्करलेला लाल भोपळा शीला आकार देतो. दोन-तीन दिवसांनी शी घट्ट झाली की चार-पाच दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा. हा आहार आजारपणापुरता आहे. महिनोन्‌महिने यावरच ठेवलं तर त्यात कॅल्शियम आणि बरंच काही कमी पडतं.

घरी तपासायच्या दोन-तीन गोष्टी आप्पांनाही शिकवा. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा. ती पांढरी पडते आणि बोट उचलल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरडी ओलसर लागली पाहिजे, कोरडी आणि चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा, ती लगेच बसायला हवी. ताप नाकावरून कळत नाही, गरम नाक म्हणजे ताप हे खरं नाही. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान.

आणि घरी थांबायचंच नाही अशा वेळा. पोट ढोलासारखं ताणलंय, कुत्रा ओकायला बघतोय, लाळ गळतेय पण बाहेर काही पडत नाही, अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतोय: जठराला पीळ पडला असावा. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त, पण लॅबलाही होतं. हाताशी काही तासच असतात, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. काही तासांत तीन-चारदा उलटी होऊन पाणीही ठरत नसेल, शी रक्ताची किंवा काळी असेल, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसत असतील, तर तेच. आंब्याच्या दिवसांत कोय आणि मक्याच्या दिवसांत दाणे खाल्लेलं बुरकुंड गिळून आतडं बंद झालेली कुत्री येतात. मालक म्हणतात, "चावून खाल्ली असेल." कोय चावून पचत नाही, ती आतड्यात बूच बसल्यासारखी बसते. मनुका, बेदाणे, द्राक्षं खाल्ली असतील तर मूत्रपिंडांना धोका आहे. बेसनाच्या लाडवातले बेदाणे दिवाळीत लक्षात ठेवा. चॉकलेट, साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल, उंदराचं औषध, यांत लक्षणांची वाट बघायची नसते. कांदा-लसणानं तांबड्या रक्तपेशी फुटतात, तेही दोन-चार दिवसांनी कळतं, म्हणून रस्सा कधीच नको. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ओकू लागली आणि खूप पाणी पिऊ लागली तर ती पोटाची तक्रार नसते, गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

पिल्लू असणाऱ्यांसाठी वेगळं लिहावंच लागेल. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू ओकतंय, जुलाब होतायत आणि मलूल पडलंय, तर उपास, भात-चिकन, उद्या बघू, यातलं काही करू नका. पार्व्हो असू शकतो. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला आणि अजूनही लस न झालेली पिल्लं यानंच सगळ्यात जास्त दगावतात. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत द्यायची आणि वर्षानं पुन्हा. एक सुई दिली की झालं, असं नसतं. ज्या घरात पार्व्होनं पिल्लू गेलं तिथे विषाणू महिनोन्‌महिने राहतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. एक भाग घरगुती ब्लीचला तीस भाग पाणी, आणि फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी पोटाच्या तक्रारीचं सोंग घेऊन येतात. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या डबक्यातून लेप्टो: ओकारी, ताप, मग डोळे पिवळे. तो माणसांनाही होतो, म्हणून अशा कुत्र्याचं मूत हातमोजे घालून साफ करा आणि त्याची लस दर वर्षी द्या. दुसरा गोचीडताप. खाणं सुटलंय, एखादी उलटी, हिरडी फिकट, क्वचित नाकातून रक्त. गोचीड दिसली नाही म्हणून तो नाही असं समजू नका.

इंजेक्शनाबद्दल. तुमच्या डॉक्टरांवर राग धरू नका. उलटी थांबवायची सुई त्या दिवसापुरतं काम करते आणि त्यांच्यासमोर कुत्रा त्या दिवसापुरताच येतो. वर्षभराचं चित्र त्यांना कुणी दाखवलंच नाही. ते दाखवा. आप्पांची दोन आठवड्यांची वही, फोटो आणि जुन्या चिठ्ठ्या घेऊन जा आणि थेट विचारा: शीची तपासणी, रक्त, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, स्वादुपिंडाच्या लायपेजची (चरबी पचवणाऱ्या रसाची) चाचणी आणि सोनोग्राफी करायची का? त्यांच्याकडे सोय नसेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या दवाखान्यात न्यायला डॉक्टरांची चिठ्ठी मागा, त्यात त्यांचा अपमान नाही. इतर वाचकांसाठी: मुंबईत परळला, नागपूर, परभणी आणि उदगीरलाही अशी सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

सोनोग्राफीला रिकाम्या पोटी न्यावं लागतं, म्हणून आदल्या रात्रीचा साडेदहाचा वाटा त्या एका दिवशी द्यायचा नाही, पाणी चालेल. दुसऱ्या दिवशी पहाटे बहुधा पिवळा फेस दिसेल, घाबरू नका. आणि तो एक दिवस का द्यायचा नाही, हे आप्पांना आधीच, संध्याकाळीच सांगून ठेवा.